तुळई कापली, कॉलम फोडला, आता काय? घराचं काम करताना सांगाडाच दुखावला तर करायच्या गोष्टी

आमचं घर बेळगावातल्या शहापूरला, गल्लीतलं. पुढची बाजू आजोबांच्या वेळची, म्हणजे सागवानी खांब, त्यावर तुळया, तुळयांवर माडी, वर मंगलोरी कौलं आणि मधल्या भिंती दगडमातीच्या दीड फुटी. मागची बाजू वडिलांनी १९९४ साली वाढवली, ती कॉलम-बीमची. आईला रात्री जिना उतरायला नको म्हणून माडीवरच न्हाणीघर काढायचं ठरवलं आणि कामाच्या दुसऱ्या आठवड्यात प्लंबरच्या पोरांनी सोप्यावरची, म्हणजे पुढच्या ओसरीवरची, मोठी तुळई कापली. चार इंची पाइप जायला वाट पाहिजे म्हणून खालून खाच मारली, तीन इंच खोल.

मी संध्याकाळी उद्यमबागेतून घरी आलो तर सोप्यात फरशीवर तांबूस भुसा पडलेला. वर बघितलं तर ऐंशी वर्षं काळी पडलेली तुळई आणि तिच्या पोटात ताजी, सोनेरी खाच, अजून तेलकट वास येत होता लाकडाचा. पोरं निघून गेलेली. मेस्त्रींना फोन केला तर म्हणाले, "अहो जुनं सागवान हाय ते, हत्ती उभारला तरी काय होत नाही, उद्या वरून फळी मारून देतो, दिसणार पण नाही." दुसऱ्या दिवशी सकाळी आई म्हणाली, "माडीचं दार घासायलंय बघ." ते दार आयुष्यात कधी घासलं नव्हतं.

त्यानंतरचे दोन महिने जे शिकलो ते लिहितोय, कारण बेळगावात, खानापुरात, निपाणीत आता घरोघरी हेच चाललंय. जुनी घरं पाडायला पैसा नाही आणि मनही होत नाही, म्हणून आत अटॅच बाथरूम, मॉड्युलर किचन, कन्सील्ड वायरिंग असं काढायलेत, आणि कामाला येणारी पोरं नवीन फ्लॅटवर शिकलेली असतात, त्यांना जुन्या घरात कशावर काय उभं आहे हे कुणी दाखवलेलंच नसतं. माझं एकच कळकळीचं सांगणं आहे: दुखावलेली जागा जाणत्या माणसाने बघेपर्यंत उघडी राहिली पाहिजे. गिलावा नाही, फळी नाही, पीओपी नाही. बाकी सगळं, म्हणजे भांडण, पैसे, कोर्ट, याच्या मागनं येतं.

आधी तुमचं घर कशावर उभं आहे ते बघा

आपल्या भागात साधारण तीन जातीची घरं आहेत आणि प्रत्येकात "सांगाडा" वेगळा असतो.

पहिली जात आमच्या पुढच्या भागासारखी, खांब-तुळईची. इथे भार लाकडावर असतो, भिंत बऱ्याच वेळा नुसती भरलेली असते. बऱ्याच वेळा म्हणतोय, नेहमी नाही, कारण कित्येक घरात तुळईचं एक टोक खांबावर आणि दुसरं भिंतीत घुसवलेलं असतं. गल्लीतल्या घरात तर ती भिंत शेजाऱ्याबरोबर सामाईक असते, म्हणजे तुमची तुळई आणि त्यांची तुळई एकाच भिंतीत पाठीला पाठ लावून बसलेली. ती भिंत तुमच्या एकट्याची नाही हे डोक्यात पक्कं ठेवा.

दुसरी जात भारवाहू भिंतीची. खानापूर, जांबोटी, चंदगडच्या बाजूला जांभ्या चिऱ्याची, इकडे विटांची किंवा दगडाची. कॉलम नाहीत, ९ इंची किंवा त्याहून जाड भिंत आणि तिच्यावर थेट स्लॅब नाहीतर कौलाचं आढं आणि वासे. इथे प्रत्येक जाड भिंत म्हणजे कॉलमच समजा.

तिसरी जात कॉलम-बीमची, आता सगळीकडे तीच. इथे भार कॉलम-बीमवर आणि मधल्या ४ इंची भिंती नुसत्या आडोशाच्या. पण "आमचं घर आरसीसी आहे" असं म्हणणाऱ्या निम्म्या लोकांच्या घरात खाली भिंतीवर स्लॅब आणि वर नंतर चढवलेला मजला कॉलमचा असा मिश्र प्रकार असतो, म्हणून नुसतं तोंडी सांगण्यावर जाऊ नका. जुना प्लॅन असेल तर काढा, नसेल तर घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा, कुठली भिंत कधी बांधली हे त्यांना तोंडपाठ असतं.

किती लागलंय, कसं ओळखायचं

लाकडापासून सुरू करतो कारण त्यात लोक सगळ्यात जास्त फसतात, "सागवान आहे, काही होत नाही" या एका वाक्यावर. उसाचं उदाहरण घ्या. कांडं गुडघ्यावर घेऊन मोडताना गुडघ्याच्या उलट्या बाजूला कोयत्याने टच्चा मारला की कसं एका झटक्यात मोडतं, कारण ती बाजू ताणली जात असते. तुळईचं तसंच आहे, भार वरून येतो, तुळई वाकायला बघते आणि तिचं पोट ताणलं जातं, म्हणून पोटाला आणि त्यातही मधोमध मारलेली खाच सगळ्यात वाईट. आकड्यात सांगतो. तुळईची ताकद तिच्या उंचीच्या वर्गावर चालते. ९ इंच उंचीच्या तुळईतून ३ इंच कापले तर उरली ६ इंच, म्हणजे दोन तृतीयांश, पण तिथली ताकद उरली फक्त ४४ टक्के. ताठपणा घनावर चालतो, तो त्या जागी उरला ३० टक्के. लाकूड गेलं तिसरा हिस्सा आणि ताकद गेली निम्म्याहून जास्त. मेस्त्रींना हे कागदावर करून दाखवलं तेव्हा पहिल्यांदा ते गप्प झाले.

त्याच तुळईच्या उंचीच्या बरोबर मध्यावर एक इंचाचं भोक पाडून वायर नेली असती तर फारसं बिघडलं नसतं, कारण मध्यावर ना ताण असतो ना दाब. म्हणजे लाकडात वाट काढावीच लागली तर भोक पाडायचं, मध्यावर, आणि छोटं. कडेची खाच नाही. खांबाला पण तेच, फरशी बसवताना खांबाचा बुंधा "जरासा" तासतात तेव्हा सगळा भार उरलेल्या तेवढ्याशा लाकडावर येतो. माझा पुतण्या अमेरिकेत असतो, तिकडे तर भिंतीच आतून उभ्या लाकडी पट्ट्यांच्या असतात, त्याच्या घरी पण प्लंबरने पट्ट्या कापल्या होत्या, पण तिकडे नियमातच लिहिलंय की भार घेणाऱ्या उभ्या पट्टीला रुंदीच्या २५ टक्क्यांपर्यंतच खाच मारता येते आणि भोक ४० टक्क्यांपर्यंत, त्यामुळे टेप लावला की भांडण मिटतं. आपल्याकडे लाकडाच्या घराचं कुणी एवढं मोजत नाही, म्हणून आपणच टेप घेऊन उभं राहायचं.

विटा-चिऱ्याच्या भिंतीत गुन्हेगार म्हणजे झिरी, पाइप-वायर न्यायला भिंतीत कोरलेली खाच. आयएस १९०५ या आपल्या मानकात सरळ हिशोब आहे: उभी झिरी भिंतीच्या जाडीच्या एक तृतीयांशाहून खोल नको, आडवी एक षष्ठांशाहून खोल नको, आणि आडवी शक्यतो टाळायचीच. म्हणजे ९ इंची भिंतीत उभी ३ इंच आणि आडवी फक्त दीड इंच. गरम-गार पाण्याचे दोन पाइप एकावर एक आडवे न्यायचे म्हटले की दीड इंचात बसतच नाहीत, आणि पोरं काय करतात, कटर लावून या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत कमरेच्या उंचीवर सरळ पट्टा काढतात, पलीकडच्या खोलीत दुसरा माणूस त्याच उंचीवर बोर्डाची झिरी मारत असतो, आणि भिंत मधोमध दोन्हीकडून खाल्ली जाते. दोन्ही बाजूंनी टेप लावून बेरीज करा, हे कुणीच करत नाही. चिऱ्याच्या भिंतीत अजून एक गोष्ट, डेमो हॅमर (फोडायचं मशीन) लावला की चिरा मऊ असल्यामुळे लवकर फुटतो पण आजूबाजूचे सांधे पण खिळखिळे होतात. मातीच्या सांध्याच्या भिंतीला तर ब्रेकर लावूच देऊ नका, हादऱ्याने आतली माती गळते आणि बाहेरून भिंत शहाणी दिसते. छिन्नी-हातोडीने करा म्हणायचं, एक दिवस जास्त लागू दे.

खिडकी-दार रुंद करताना लिंटेल, म्हणजे त्याच्या डोक्यावरचा आडवा पट्टा, कापणं हा वेगळाच प्रकार, त्यात वरची भिंत त्रिकोणात खाली यायला बघते. असं झालं असेल तर पुढचं वाचत बसू नका, आधी खाली टेकू लावा.

कॉलम-बीममध्ये किती आतपर्यंत गेलंय यावर सगळं आहे. नुसता गिलावा निघाला तर चालतं. काँक्रीटचं आवरण निघालं, म्हणजे सळईच्या बाहेरचं, कॉलमला ते ४० मिलिमीटर आणि बीमला २५ मिलिमीटर धरलेलं असतं, तर नीट दुरुस्त करून घ्यायचं, कारण सळई उघडी पडली की गंजते आणि गंजलेली सळई फुगून उरलेलं काँक्रीट पण फोडते. रिंग, म्हणजे उभ्या सळयांभोवतीचं कडं, कापली असेल तर इंजिनीअरशिवाय पुढे जायचं नाही. उभी सळई कापली असेल किंवा बीमची खालची सळई कापली असेल तर काम बंद, सगळं बंद. आणि सळई नाही कापली म्हणून निश्चिंत होऊ नका, आपल्याकडे ९ इंची कॉलम सर्रास असतात, त्यात २ इंच खोल पट्टा उभा काढला तर तिथे कॉलमच्या जाडीचा पाचवा हिस्सा गेला आणि भार एका बाजूला कलला. टिळकवाडीत माझ्या मित्राकडे नळाची लाइन आत घ्यायला नेमकं हेच केलं होतं, टाइल्स लागल्यावर कळलं, मग टाइल्स फोडल्या.

पहिल्या तासाभरात

त्या खोलीतलं काम थांबवा, त्या खोलीच्या वरची खोली रिकामी करा. माडीवर धान्याची पोती, लोखंडी कपाट, पुस्तकांचा कट्टा असेल तर हलवा. गच्चीवर टाकी असेल तर पाणी सोडून द्या, १००० लिटर म्हणजे सरळ एक टन आहे, तो विनाकारण डोक्यावर कशाला. पिठासारखी माती झरायला लागली, लाकूड करकरायला लागलं, दारं-खिडक्या अचानक घट्ट झाल्या किंवा खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी चीर धावली तर माणसं बाहेर काढा, आधी कामगार, मग सामान. तिथे काम करणारी पोरं कुणाचीतरी लेकरं आहेत आणि भिंत पडली तर पहिली त्यांच्या अंगावर पडते.

मग टेकू. सेंट्रिंगचं सामान भाड्याने देणाऱ्यांकडे लोखंडी जॅक मिळतात, दिवसाच्या भाड्याने. खाचेच्या दोन्ही बाजूला फूट-दीड फुटावर एकेक जॅक, खाली जाड फळी, कारण शहाबादी फरशीवर नुसता जॅक ठेवला तर फरशीच फुटते, आणि वर पण फळी, जॅकचं लोखंड लाकडात रुतायला नको. जॅक घट्ट करायचा म्हणजे लागेपर्यंत, वर उचलायचा नाही. आमच्या शेजारच्या काकांनी उत्साहात फिरवायला सुरुवात केली, वर माडीची फरशी टच्च वाजली तेव्हा मी हात धरला. जी तुळई हळूहळू खाली बसली ती हळूहळूच वर घ्यायची असते आणि ते पण इंजिनीअर सांगेल तसं. कॉलमला लागलं असेल तर टेकू कॉलमला नाही लावायचा, त्याच्यावर येणाऱ्या बीमना लावायचा, कॉलमच्या सगळ्या बाजूंनी.

टेकू लागले की फोटो. नुसता जवळून काढलेला फोटो नंतर कुणाला कळत नाही की ही कुठली भिंत, म्हणून आधी लांबून पूर्ण खोली, मग मध्यम, मग जवळून टेप लावून, आकडा दिसेल असा. मी त्या दिवशीचा तरुण भारत शेजारी धरून काढले, तारीख वाचता येईल असे. एक व्हिडिओ काढा, त्यात चालत चालत बोला, आज अमुक तारीख, हा आमचा सोपा, ही तुळई, ही खाच इतके इंच. कापलेला तुकडा, सळईचे तुकडे, फुटलेल्या विटा कचऱ्यात जाऊ देऊ नका, पोत्यात भरून ठेवा. आमच्या तुळईचा कापलेला ठोकळा माझ्याकडे आहे, त्यावरनं इंजिनीअरला लाकूड आतून निरोगी आहे की वाळवी लागलीय हे लगेच कळलं.

जुन्या आणि नव्या चिरा वेगळ्या ओळखायच्या असतात. नवी चीर आतून स्वच्छ असते, जुनीत धूळ, जाळी, आत शिरलेला रंग असतो. चिरेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने आडवी रेघ मारा आणि तारीख टाका, पुढे सरकली की कळतं. एटीएम कार्ड आत शिरायला लागलं तर चीर पाऊण मिलिमीटरच्या वर गेली समजा, तेव्हा थांबू नका.

आणि शेजाऱ्याला त्याच दिवशी सांगा. सामाईक भिंत असेल तर त्याच्या बाजूचे फोटो पण त्याच्यासमोर काढा. लपवून ठेवलं आणि त्याला स्वतःहून चीर दिसली की मग भिंतीची गोष्ट राहत नाही, तीन पिढ्यांचं सगळं निघतं.

मेस्त्रींशी कसं बोलायचं

रागाने बोलू नका असं सांगणं सोपं आहे, मी स्वतः पहिल्या फोनवर ओरडलो आणि त्याचा परिणाम एवढाच झाला की ते दोन दिवस आलेच नाहीत. तिसऱ्या दिवशी वडिलांच्या ओळखीचे एक जुने गवंडी मध्ये घेतले आणि मग बोललो, "मेस्त्री, भांडायला बोलावलं नाही. हे बघा, एवढं कापलंय. हे उघडंच राहणार. परवा इंजिनीअर येणार आहे, तुम्ही पण उभं राहा, तो काय म्हणतो ते दोघं मिळून ऐकू." त्यांना बाजूला उभं केलं हे महत्त्वाचं ठरलं, कारण नंतर "माझ्या मागं कायतरी लिहून आणलं" असं म्हणायला जागा राहिली नाही.

पण तोंडी बोलण्याच्या आधी व्हॉट्सअॅपवर लिहून टाका. व्हॉइस मेसेज नको, लिहिलेलं पाहिजे. असं काहीतरी: "आज तारीख अमुक, सकाळी ते संध्याकाळच्या दरम्यान तुमच्या माणसांनी आमच्या सोप्यावरची तुळई खालून तीन इंच कापली. मला न विचारता कापली. फोटो पाठवले आहेत. इंजिनीअर बघेपर्यंत त्या जागी काहीही लावू नये आणि त्या खोलीत काम करू नये." मेस्त्री कन्नड बोलणारे असतील तर हेच कन्नडमध्ये पण पाठवा, मित्राकडून लिहून घ्या. आपल्याकडे मराठी बऱ्याच जणांना बोलता येतं पण वाचता येतंच असं नाही, आणि उद्या "मला कळलंच नाही" हे उत्तर नको. पुढे कुठल्या कचेरीत कागद द्यायची वेळ आली तर कन्नड किंवा इंग्रजीतला मजकूर हाताशी असलेला बरा.

बहुतेक मेस्त्री वाईट नसतात. त्यांना भीती असते की यांनी चूक कबूल करून घेतली तर सगळा हिशोब बुडवतील. ती भीती काढा, "झालेल्या कामाचे पैसे बुडवणार नाही, पण हे नीट करायचा खर्च तुमच्या हिशोबातून जाणार" असं स्वच्छ सांगा. आणि कृपा करून रोजंदारीवरच्या पोरांची मजुरी अडवू नका, त्यांनी सांगितलेलं काम केलं, घरी चूल त्यांची बंद पडते.

इंजिनीअर कुठला आणि काय लिहून घ्यायचं

प्लॅन पास करून देणारा आणि स्ट्रक्चरल इंजिनीअर ही दोन वेगळी माणसं आहेत. आपल्याला दुसरा पाहिजे, आणि जुन्या लाकडाच्या घराचं काम केलेला मिळाला तर उत्तम. ओळखीत कुणी नसेल तर इंजिनीअरिंग कॉलेजच्या सिव्हिल डिपार्टमेंटमध्ये विचारा, बेळगावात कॉलेजांना तोटा नाही. काँक्रीटची शंका असेल तर तिथे रिबाउंड हॅमरसारखी न फोडता करायची तपासणी कुठे करून मिळेल हे पण कळतं. मेस्त्रींनीच आणलेला इंजिनीअर नको, त्याची फी तुम्ही द्या.

तोंडी "ठीक आहे, चॅनेल मारा" एवढ्यावर त्याला सोडू नका. लेटरहेडवर सही-शिक्क्यानिशी चार गोष्टी लिहून घ्या: काय तुटलंय मापासकट, कशामुळे तुटलंय, किती धोका आहे, दुरुस्ती कशी करायची मालाच्या नावासकट. "कशामुळे" हे वाक्य लोक विसरतात आणि पैसे मागायच्या वेळी त्याच्यावरच सगळं अडतं.

आमच्या तुळईला काय केलं ते सांगतो, तुमच्या घरी माप वेगळं असणार, त्यामुळे नुसती पद्धत बघा. टेकूवर तुळई धरून ठेवली, खाचेत घट्ट बसेल असा सागाचाच ठोकळा तासून चिकटवला, मग दोन्ही बाजूंनी लोखंडी चॅनेल (सी आकाराची जाड पट्टी), खाचेच्या पुढे दोन्हीकडे चांगली लांब नेलेली, आणि आरपार बोल्ट. चॅनेलच्या आतल्या बाजूला पण रेड ऑक्साइड मारून घेतला, एकदा बसली की आत हात जात नाही. भोकं तुळईच्या पोटाजवळ नाही पाडायची, त्याने पुन्हा तीच जखम होते, इंजिनीअरने चॅनेलवर खडूने खुणा करून दिल्या होत्या. चॅनेल उद्यमबागेतल्या फॅब्रिकेटरकडून एका दिवसात करून आली. पाइप मागच्या भिंतीने बाहेरून सरळ खाली उतरवला, जे पहिल्याच दिवशी करता आलं असतं.

काँक्रीटच्या जखमेत वाळू-सिमेंट थापू देऊ नका, हे मेस्त्री हमखास करतात. ते जुन्या काँक्रीटला धरत नाही, वाळलं की आकसतं आणि मागे फट राहते. सुटं काँक्रीट छिन्नीने काढायचं, सळईचा गंज ब्रशने घासून काढायचा, कापलेली सळई पुरेसा लॅप देऊन, म्हणजे जोडसळई शेजारून लांब नेऊन, किंवा वेल्डिंगने जोडायची ते इंजिनीअरने सांगायचं, मग बाँडिंग कोट (जुन्याला नवं धरून ठेवणारा लेप) आणि तो ओलसर असतानाच मायक्रोकाँक्रीट किंवा पॉलिमर मॉर्टर. आणि निदान सात दिवस पाणी, गोणपाट गुंडाळून. भिंतीच्या झिरीत पाइप बसल्यावर नुसता माल नाही, विटांचे तुकडे ठासून माल भरायचा आणि वरून कोंबडीजाळी, झिरीच्या दोन्हीकडे सहा-सहा इंच जाईल अशी, मग गिलावा.

पावसाचं बघा. मृग लागायच्या आधी मातीच्या भिंतीतली जखम बंद झाली पाहिजे. नाहीच झाली तर ताडपत्री बाहेरून पक्की बांधा. खानापूरच्या बाजूचा पाऊस उघड्या मातीच्या भिंतीला दोन दिवस पण ठेवत नाही.

पैसे आणि नाहीच ऐकलं तर

दुरुस्तीचं वेगळं कोटेशन घ्या, शक्य असेल तर दोन, आणि तो आकडा इंजिनीअरच्या फीसकट मेस्त्रींच्या पुढच्या हप्त्यातून वजा करायचा असा कागद दोघांच्या सहीने करा, साध्या कागदावर पण चालेल. तुमच्याकडे जेवढे पैसे द्यायचे उरलेत तेवढंच तुमचं वजन आहे. सगळे देऊन बसला असाल तर फोन पण उचलत नाहीत, हे मी शहापुरात दोन घरी बघितलंय.

नाहीच जमलं तर आधी लेखी नोटीस स्पीड पोस्टाने, पंधरा दिवसांची मुदत देऊन. मग ग्राहक आयोग. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या आयोगात तक्रार करता येते, मेस्त्री कुठल्या गावचा आहे हे बघावं लागत नाही, म्हणजे चंदगडचा किंवा कोल्हापूरचा माणूस असला तरी बेळगावातच. घटनेपासून दोन वर्षांच्या आत करायची, दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही, वकील लावलाच पाहिजे असंही नाही. ऑनलाइन ई-जागृती पोर्टलवर भरता येते आणि सल्ल्याला १९१५ नंबर आहे. पण एक मेख आहे. माणसं तुम्ही स्वतः हजेरीवर लावली असतील, रोज सकाळी तुम्हीच काम सांगत असाल, तर ती वैयक्तिक चाकरी धरली जाण्याची शक्यता असते आणि तशी चाकरी या कायद्यात बसत नाही. काम ठेक्याने दिलंय हे कागदावर दिसलं पाहिजे. आणि भिंत पाडायला तुम्हीच सांगितली, परवानगी न घेता, असं निघालं तर तुमचीच बाजू लंगडी पडते.

काम अजून सुरू व्हायचं असेल तर

कामाच्या आदल्या दिवशी मी आता एक करतो, लाल ऑइलपेंटचा छोटा डबा आणि ब्रश घेऊन मेस्त्री, प्लंबर, वायरमन तिघांना घेऊन घरभर फिरतो. जे कापायचं नाही त्यावर लाल फुली. खांब, तुळई, लिंटेल, कॉलमच्या कडा, सामाईक भिंत. जिथून पाइप जाणार तिथे खडूने रेघ. गिलाव्याखाली कॉलम कुठे संपतो आणि भिंत कुठे सुरू होते ते पोरांना दिसत नाही, फुली दिसते. मागच्या भागाचं वायरिंग केलं तेव्हा असंच केलं, वायरमनने एके ठिकाणी येऊन विचारलं, "दादा, फुलीच्या बाजूनं दोन इंच सोडून जाऊ काय?" एवढंच तर पाहिजे होतं.

कागदावर चार ओळी: खांब, तुळई, कॉलम, बीम, स्लॅब, लिंटेल लेखी विचारल्याशिवाय कापायचं नाही, कापलं तर दुरुस्ती आणि इंजिनीअरची फी ठेकेदाराची, झिरी बुजवायच्या आधी मालकाने फोटो काढायचे, आणि शेवटचे दहा टक्के एक पावसाळा गेल्यावर. शेवटच्या ओळीवर मेस्त्री कुरकुरतात. मी दसऱ्याचा दिवस ठरवून दिला होता. दसऱ्याच्या आदल्या संध्याकाळी ते आले, दोघांनी मिळून पेन्सिलच्या रेघा बघितल्या, एक पण चीर पुढे गेली नव्हती, माडीचं दार उघडून झाकून बघितलं, तुळईखाली दोरी ताणून टेप लावला, जूनमध्ये चॅनेल बसवल्यावर जेवढं माप होतं तेवढंच होतं. मग ठरलेली वजावट करून उरलेले पैसे दिले आणि आईने चहा टाकला.